दबलेला शॉकअप

सिहोऱ्याच्या सायकल दुरुस्तीवाल्या खेमराजनं ती गेअरची सायकल पुन्हा खोलली. गावातल्या भूपेंद्रनं ती नागपुरातून जुनी आणली होती. पुढचा शॉकअप स्प्रिंगचा नव्हता, हवेवर चालणारा होता.

"काका, रिकामी उभी असली तरी पुढून दबूनच राह्यते. काहून?" सकाळी भूपेंद्रनं विचारलं होतं.

"सील गेलं असन," खेमराज म्हणाला होता.

सील नवीन टाकलं, तेल बदललं. शॉकअप पाण्यात बुडवून पाहिला, तर एक बुडबुडा नाही. पंप लावला, तर हवेच्या दाबाचा काटा भरलेल्या हवेपेक्षा वर गेलेला. असा तो सायकलवर कोणी बसलं तरच जातो.

दिवस कलला. खेमराजची कंबर भरून आली होती. एकदा चालवून बघावी आणि देऊन टाकावी, म्हणून तो तलावाच्या पाळीपर्यंत गेला. हँडल जड लागत होतं. परतताना त्याच्या ध्यानात आलं, आपण गुडघे बाहेर फाकवून पायडल मारतोय. लेक रुपा लहान असताना तिला पुढं दांडीवर बसवून न्यायचा, तेव्हा मारायचा तसं. रुपा तर कधीची सासरी नांदतेय.

दुकानापुढं उतरून त्यानं सायकल कडुनिंबाला टेकवली. शॉकअप तसाच दबलेला. पुन्हा खोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

"उतर ना माय आता," लहानग्या रुपाला म्हणायचा तसं तो थकून म्हणाला. "आलं दुकान."

काय बोललो, ते बोलून गेल्यावर त्याला कळलं.

शॉकअप हळूच सुस्कारला, आणि वर आला.