सोडवणूक

स्विच बंद होता, तरी टेस्टरमधला मोहरीएवढा दिवा नारिंगी पेटला. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शैलजाने तो खालून पाहिला.

"अहो, वायरिंग उलटं झालंय. तारेत करंट आहे. थांबा, खाली जाऊन मेन बंद करते."

पंखा दुरुस्त करायला लोखंडी स्टुलावर अनवाणी उभ्या असलेल्या नवऱ्याने वाकून तिच्या कानाखाली वाजवली. "घरात बाईंचा तास नको! मेन बंद केलास तर मॅच कोण दाखवणार? तुझा बाप?"

कान अजून बधिर होता, तोच वरून घोगरा आवाज आला. त्याची मूठ तारेवर आवळली होती आणि सगळं अंग थडथडत होतं. मेन तीन मजले खाली. हाताने ओढलं तर तीही चिकटली असती.

तिने कपडे वाळत घालायची लाकडी काठी उचलली आणि बारा वर्षांच्या संसारात साठलेल्या ताकदीनिशी त्याच्या मनगटावर हाणली. हाड कडकन वाजलं, मूठ सुटली, तो धाडकन फरशीवर कोसळला.

दुसऱ्या फटक्याची गरज नव्हती, तरी काठी वरच होती. त्याने धड असलेला हात डोक्यावर आडवा धरला, रोज ती धरायची अगदी तसाच.

"मारलंस मला?" तो कण्हला.

तिने काठी कोपऱ्यात ठेवली. अँब्युलन्सला फोन करून पत्ता नीट सांगितला. मग बारा वर्षं घशात अडकलेलं वाक्य शांतपणे बाहेर आलं.

"मारलं नाही, सोडवलं. आणि आता सोडून चाललेय."