बोलता येईल इतकं हळू

मॅरेथॉनच्या शेवटच्या चढावर हेमांगीने नवऱ्याला गाठलं. पोटरीत गोळा येऊन तो कठड्याला धरून उभा होता.

रोज सकाळी हा छाती फुटेस्तोवर पळायचा आणि धावण्याच्या क्लबात सगळ्यांदेखत तिला गोगलगाय म्हणायचा. कारण ती तिथल्या प्रशिक्षक सरांचं ऐकून, मैत्रिणीशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने पळायची. "धाप लागली तर चुकलात समजा," सर बजावायचे. "हळू पळाल तर शेवटपर्यंत टिकाल."

घरी तिने तिच्या बाबांचा विषय काढला, की हा बूट चढवून सटकायचा. आज बूट पायातच होते, पण पाय उचलत नव्हते.

"पाणी..." तो कसाबसा म्हणाला.

तिने बाटली त्याच्या हातात आदळली. "प्या, आणि आता ऐका. त्या सकाळी बाबा माझ्या मांडीवर तडफडत होते, मी एकटी त्यांना रिक्षातून दवाखान्यात नेत होते. आणि तुम्ही? फोन घरी टाकून पळायला गेला होतात!"

तो मान खाली घालून लंगडत पुढे निघाला. तीही त्याच्या बरोबरीने निघाली. शर्यत संपायला अजून बरंच अंतर होतं, आणि तिला जराही दम लागला नव्हता.