माळ्याचा हात

दिवे मालवले तसा सनोबरने आपला उजवा हात मांडीखाली दाबून धरला. अंधारात कुणाला काय दिसणार होतं? तरी दाबलाच.

मागे प्रोजेक्टर घरघरू लागला. पुढच्या रांगेत समितीची माणसं बसली होती. मधोमध अध्यक्ष, मान पुसत. ताश्कंदचा जुलै, त्यात खिडक्यांना काळी कापडं. ही मंडळी हो म्हणाली तर सिनेमा पानगळीच्या दिवसांत थिएटरात लागणार. नाही म्हणाली तर रिळांचे डबे फडताळात पडणार, आणि वर्षभर सगळ्यांनी घातलेला जीव फुकट जाणार. फुकट गेला तर तो आपल्यामुळे, हे सनोबरला पक्कं ठाऊक होतं.

बाहुल्यांच्या सिनेमात सगळा खेळ हाताचा. बाहुली केसभर हलवायची, हात मागे घ्यायचा, कॅमेऱ्याने एक चित्र टिपायचं. मग पुन्हा केसभर. दिवसभर राबावं तेव्हा पडद्यावर बाहुली जेमतेम मान वळवते. सनोबरची उभी हयात या कामात गेली होती. तिच्या हातची बाहुली श्वास घेते, असं स्टुडिओत म्हणायचे. आणि गेल्या हिवाळ्यापासून तोच हात थरथरत होता.

डॉक्टरने आजाराचं नाव सांगितलं होतं. ते तिने घरी नवऱ्यापुढेही उच्चारलं नाही. कामावर ती डाव्या हाताने उजवं मनगट आवळायची, श्वास रोखायची आणि बाहुलीला हात लावायची. कधी जमायचं, कधी नाही.

त्यात हिकमत. दिग्दर्शक हिकमत तिच्याहून बराच लहान, तिला ‘ओपा’ म्हणजे ताई म्हणायचा, पण तोंडाचा फटकळ. या सिनेमातले पक्षी, नाचणारी मुलगी, उधळलेला घोडा, सगळं त्याने इतरांना वाटून टाकलं. तिच्या वाट्याला आला फक्त एक म्हातारा माळी. आपलं वय झालं असं याला वाटतंय, तिने मनाशी ताडलं. हा आता आपल्याला हळूच बाजूला सारणार.

शेवटच्या दृश्यात माळी वाळत चाललेल्या जर्दाळूच्या झाडाला पेल्यातून पाणी नेऊन घालतो. पाणी म्हणजे चुरगळलेला पारदर्शक कागद. तो पेला काही केल्या सनोबरच्या हातून सरळ राहिना.

‘‘हिकमत, बिघडलंय हे. मी परत करते,’’ ती म्हणाली होती.

त्याने मान वर केली नाही. ‘‘राहू द्या, ओपा. पुढचं घ्या.’’

बाहुलीची पापणी चुकली म्हणून आठवड्याचं काम केराच्या टोपलीत टाकणारा हा माणूस. तो म्हणतो, राहू द्या! कॅमेऱ्यावरचा वादीम एरवी धुळीच्या कणावरून भांडायचा, तोही गप्प. याने आपल्यावर पाणी सोडलं, सनोबरला वाटलं. संडासात जाऊन तिने नळ मोठा सोडला आणि रडून घेतलं.

आता तेच दृश्य पडद्यावर आलं.

म्हातारा पेला घेऊन निघाला. पेला थरथरत होता. बोटं थरथरत होती, कोपर थरथरत होतं. सनोबरने डोळे मिटून घेतले. प्रोजेक्टरची घरघर तेवढी ऐकू येत होती. संपू दे एकदाचं, ती मनात म्हणत राहिली.

दिवे लागले. अध्यक्ष बराच वेळ समोरच्या कोऱ्या पडद्याकडेच बघत बसले. मग वळून म्हणाले, ‘‘हा माळी कुणी केला?’’

हिकमतने तिच्याकडे बोट केलं. सनोबर उभी राहिली. हात तिने पाठीमागे नेला.

‘‘माझे वडील शेवटी शेवटी अस्साच चहा द्यायचे,’’ अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज ओला होता. ‘‘मी धरू का पेला, म्हटलं की चिडायचे. अहो, ही थरथर जमवलीत तरी कशी?’’

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. वादीम तर हसत होता. ‘सवयीने’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. सिनेमा पास, वर शाबासकी. पण पुढच्या सिनेमात कुणी तिच्या हाती नाचणारी मुलगी दिली, की मग? तिने हात पाठीमागून काढला आणि सगळ्यांसमोर धरला.

‘‘जमवली नाही,’’ ती म्हणाली. ‘‘माझाच हात थरथरतो. आजार आहे मला. ते दृश्य बिघडलेलं आहे.’’

अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली.

‘‘म्हणजे हे तुम्ही दिग्दर्शकापासून लपवलंत?’’

‘‘लपवलं. त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याचा दोष नाही.’’

‘‘ठाऊक होतं,’’ हिकमत म्हणाला.

तो उठून उभा राहिला होता. एरवी ज्याचं तोंड कुणाला आवरायचं नाही, तो शब्द शोधत होता. समितीकडे त्याने पाहिलंच नाही.

‘‘ओपा, आमच्या बाळाला पाळण्यात घातलं त्या समारंभाला तुम्ही आलात. चहा ओतताना तुमचा हात पाहिला मी. तोवर या गोष्टीतला माळी तरणाबांड होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हातारा केला.’’