मघाचा धूर

शेडमधल्या हायड्रॉलिक प्रेसखालून 'टक्' असा बारीक आवाज आला. नवी पिन जागेवर बसली. इंजिनाच्या क्रँकच्या दोन जाड चकत्यांमध्ये आता कोरा करकरीत कनेक्टिंग रॉड लोंबत होता. बोटानं वर ढकलला की आपसूक खाली येत होता.

"झालं?" परशराम स्टुलावरून उठला. बंद पडलेली मोटारसायकल टेम्पोत घालून तो उचगावहून आला होता. उद्या पहाटे तिच्यावर दुधाचे कॅन लावून त्याला बेळगाव गाठायचं होतं.

"बस गा. अजून फुंकायचंय," मायाप्पा मिस्त्री म्हणाले.

त्यांच्या लेकीनं, सुवर्णानं, प्रेसचा दांडा सोडला आणि तळहात ट्रॅकपँटला पुसले. कबड्डीच्या सरावाहून ती थेट शेडवर आली होती. गुडघ्याला लाल माती तशीच. एरवी दांडा आप्पाच मारायचे. आज ते निम्म्यात थांबले. "प्रेसमधलं तेल कमी झालंय वाटतं," म्हणाले. उरलेले पंधरा-वीस दणके मग सुवर्णानं हाणले. प्रेस तिच्या हाताखाली मुकाट चालला.

फुंकणं ही मिस्त्रींची रीत. क्रँकच्या शाफ्टच्या टोकाला एक बारीक भोक असतं. इंजिनातलं तेल तिथून आत शिरतं आणि पिनमधून थेट रॉडच्या बेअरिंगला पोचतं. पिन जरा जरी फिरून बसली तरी ती वाट बंद. मग बेअरिंग कोरडं पडतं आणि नवा रॉडसुद्धा महिन्याभरात वाजायला लागतो. परशरामच्या गाडीला आधीच्या मेकॅनिकनं नेमकं हेच करून ठेवलं होतं. म्हणून मिस्त्री बिडीचा झुरका घ्यायचे, भोकाला तोंड लावायचे आणि धूर आत सोडायचे. रॉडच्या मुळाशी धूर निघाला की काम पास. "कॉम्प्रेसर घ्या की आता," असं कुणी म्हणालं, तर ते छातीवर थाप मारून दाखवायचे. "ह्यो काय!"

त्यांनी बिडी पेटवली. लांब झुरका घेतला. ओठ भोकाला लावले. गाल फुगले.

धूर आला नाही.

म्हणजे आला, पण ओठांच्या कडेनं आला, नाकातून आला, आणि त्याच्या मागोमाग खोकला आला. खोकता खोकता त्यांनी टेबलाची कड धरली.

"मिस्त्री, फुंकताय का उसासा टाकताय?" परशराम हसला.

दुसरा झुरका. तिघांचे डोळे रॉडच्या मुळाशी. काही नाही.

मिस्त्रींनी क्रँक फडक्यावर ठेवला. "पिन फिरली गा. काढाय लागणार."

परशरामचं हसू गेलं. "काढायची आन् परत बसवायची, एवढंच न्हवं?"

"एकदा दाबलेली पिन काढली की पकड ऱ्हात न्हाय. पिन-रॉडचा दुसरा सेट आणाय पायजे."

"आज रविवार हाय मिस्त्री! दुकानं बंद. पहाटं दूध काय डोस्क्यावर घिऊन जाऊ?"

तीस वर्षांत मिस्त्रींच्या हातून पिन फिरली नव्हती. दाबायच्या आधी पिनवर आणि चकतीवर स्वतः मारलेली खूण ते पुन्हा पुन्हा बघत होते. खूण खुणेसमोर होती.

सुवर्णाही तेच बघत होती. "आप्पा, मी फुंकू?"

"घ्या!" परशराम म्हणाला. "आता पोरगी बिडी वढणार."

"बिडी कशाला वढू, काका? नुसता वारा बी चालतोय की. बोट ओलं करा आन् हितं धरा."

परशरामनं जिभेला बोट लावलं आणि रॉडच्या मुळाशी धरलं. सुवर्णानं टी-शर्टच्या टोकानं भोक पुसलं. मैदानावर समोरच्यांच्या हद्दीत शिरायच्या आधी भरते तसा श्वास भरला, आणि सोडला.

आधी धूर निघाला.

दोऱ्याएवढा, निळसर. मघाचा, आप्पांचाच; आत कुठंतरी थांबून राहिलेला. परशरामच्या बोटाला वळसा घालून तो वर गेला. मागून नुसता वारा आला, आणि येतच राहिला.

"आयला, गार लागलं!" परशराम ओरडला. "वाट मोकळी हाय, मिस्त्री! पिन बराबर हाय तुमची!" त्यानं खिशातून बिडीचं बंडल काढलं आणि एक वर सरकवून पुढं धरली. "घ्या. पास!"

मिस्त्रींचा हात पुढं आला नाही. बोटांतली पहिली बिडी केव्हाच विझली होती. ते सुवर्णाकडं बघत होते. ती फुंकायची थांबली.

"म्हंजे माझी फुंकर पोचली न्हाय, व्हय गं?"

रस्त्यावर उद्यमबागेची बस थांबली, दोघं-तिघं उतरले, बस निघून गेली.

"निम्म्यात थांबली, आप्पा."

त्यांनी मान हलवली. विझलेली बिडी टेबलावर पान्यांच्या रांगेत नीट ठेवली. मग क्रँक पुन्हा उचलला.

सुवर्णानं बोट ओलं केलं आणि रॉडच्या मुळाशी धरलं. "सावकाश. घाई न्हाय."

मिस्त्रींनी भोकाला ओठ लावले. हातातलं बंडल तसंच पुढं धरून परशराम त्या ओल्या बोटाकडं बघत राहिला.