टाकीवरचा जांभळा दिवा

“वर धर, ताई. अजून थोडं. हां, आता हलू नकोस.”

ताईने दिव्याची लांबट पेटी दोन्ही हातांनी तोलून धरली. तिचा धाकटा भाऊ खाली मान वाकडी करून एकेक स्क्रू पिळत होता. पेटीत आधीच्या चार ट्यूब होत्या. त्यांच्या मधल्या जागेत त्याने घरी बनवलेली पट्टी बसवली होती. ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर निळ्या आणि जांभळ्या एलईडींची रांग आणि प्रत्येकीच्या पाठीला उष्णता ओढून घेणारी पांढरी पेस्ट. बाजारात तयार दिवे मिळत होते. पण ज्याचा जन्म लिफ्ट उघडून दुरुस्त करण्यात गेला, तो तयार दिवा कशाला आणतोय?

सोल्डरिंग मात्र ताईचं. त्याचा हात जाड वायरींना सरावलेला. बारीक टाका त्याला जमेना. ताईने अर्धं आयुष्य शिवणकामात काढलं होतं. चष्मा नाकावर ओढून तिने सगळे टाके दोन दुपारींत घातले. एकही सुटला नाही.

खाली काचेच्या टाकीत खारं पाणी होतं आणि पाण्यात जिवंत प्रवाळ. तीच त्याची हौस. बायको त्या टाकीला सवत म्हणायची. गेले काही महिने ट्यूबच्या उजेडात प्रवाळांचा रंग उतरून ती मातकट झाली होती. जिवंत होती, वाढतही होती, पण रंग रुसला होता. म्हणून हा नवा दिवा.

ताई त्याच्याकडे राहायला आली ती कोड चेहऱ्यावर उतरल्यावर. शिवणाच्या दुकानात गिऱ्हाइकं माप द्यायला दुसरीकडे जाऊन उभी राहू लागली. मालकाने तिला आतल्या खोलीत बसवलं, मग घरी. तो स्वतः जाऊन तिला घेऊन आला. घरात तिचं ताट वेगळं नव्हतं, पेला वेगळा नव्हता, आणि याचा त्याला अभिमान होता. फक्त टाकीत हात घालायचा नाही, एवढं त्याने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. “प्रवाळ फार नाजूक असतात गं. साबण, तेल, काहीही चालत नाही त्यांना.” ताईने मान हलवली होती. काच पुसायचं, निखळून पडलेली प्रवाळं पुन्हा बसवायचं काम त्याने बायकोला शिकवलं. पाहुणे आले की तो कौतुकाने सांगे, “हिचा हात लागतो ना, म्हणून टाकी अशी हसते.” बायको पदराशी चाळा करत आत निघून जायची.

“पडदे ओढ,” तो म्हणाला.

ताई पडदे ओढून पुन्हा पेटी धरायला आली. भर दुपारी खोलीत अंधार झाला. ट्यूब बंद करून त्याने नुसती नवी पट्टी लावली.

मातकट प्रवाळं पेटून उठली. एक हिरवं, एक नारिंगी, कोपऱ्यातलं गुलाबी. लहानपणी अंथरुणात बसून विजा बघायचे, तसे दोघं बघत राहिले.

मग त्याला ताईचे हात दिसले. पेटीच्या कडेला धरलेल्या बोटांवरचे डाग पांढरेशुभ्र उजळले होते. तिच्या हनुवटीवरही तोच उजेड. त्याने नजर काढून घेतली आणि उगाचच शेवटचा स्क्रू घट्ट करायला गेला. स्क्रू निसटला आणि पाण्यात पडला.

“गंजेल तो. काढते मी,” ताईचा हात पुढे झाला.

“तू नको!”

शब्द फार मोठ्याने निघाला. ताईने हात मागे घेतला. त्याने घाईघाईने बाही वर करून स्वतःचा हात कोपरापर्यंत आत घातला. दगडांमध्ये चाचपडता चाचपडता थांबला. त्याच्या बोटांच्या पेरांवर तीन पांढरे ठिपके चमकत होते.

“पेस्ट लागलीय,” तो म्हणाला. हात बाहेर काढून शर्टाला पुसला. पुन्हा दिव्याखाली धरला. ठिपके तिथेच. अंगठ्याने खसाखसा घासले. तिथेच.

ताईने जाऊन पडदा थोडा सरकवला. दिवसाच्या उजेडात हात स्वच्छ होता, नेहमीसारखा. पडदा सोडला, ठिपके परत आले.

“माझ्या डॉक्टरांकडे असाच दिवा असतो,” ती हळूच म्हणाली. “साध्या उजेडात दिसायच्या आधी त्यात दिसतं. उद्या जाऊ. मी येते बरोबर.”

तो स्टुलावर बसला. ओला हात त्याने अंगापासून लांब धरला होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. थेंब फरशीवर पडत होते. तळाशी स्क्रू चकाकत होता.

“घाल हात. काढ तो,” ताई म्हणाली.

त्याने मान हलवली. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, “नको. उगाच प्रवाळांना काही व्हायचं. ही येईल संध्याकाळी, ती काढेल.”

ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

“ती कशाची काढतेय? खाऱ्या पाण्याच्या वासाने मळमळतं तिला. या टाकीत तिने आजवर बोटसुद्धा बुडवलेलं नाही. तू कामाला गेलास की रोज माझेच हात असतात यात.”