डबीवरचा हिरवा दिवा

"हात लावू नकोस, आई. नुसतं दिव्याकडं बघ. लुकलुकतोय?"

"लुकलुकतोय," नवसाबाई म्हणाल्या. मळ्यातली शेवंती पंचवटीत विकून त्या नुकत्याच घरी आल्या होत्या. अजून बूडसुद्धा टेकलं नव्हतं, तेवढ्यात लेकीनं त्यांना कपाटावरच्या नेटच्या डबीसमोर, म्हणजे राउटरसमोर, राखणीला उभं केलं होतं.

अंजली जन्मापासून आंधळी. परदेशी डॉक्टरांची बोलणी कानाला हेडफोन लावून ऐकायची आणि घरबसल्या टाइप करून पाठवायची, हे तिचं काम. पडद्यावरची अक्षरं संगणक तिला वाचून दाखवायचा, त्यामुळं तिचं कुठं अडायचं नाही. अडायचं ते या डबीपाशी. डबी उठसूट रुसायची, आणि तिच्या सेटिंगच्या पानावर सगळी चित्रंच चित्रं. संगणक बिचारा "बटण, बटण, बटण" एवढंच घोकत बसायचा. मग वरच्या मजल्यावरच्या नवनाथरावांची मनधरणी. ते घरी नसले की काम खोळंबायचं. आणखी एकदा उशीर झाला तर काम बंद, असं ऑफिसनं कालच बजावलं होतं.

म्हणून आज अंजलीनं भलतंच धाडस केलं होतं. डबीच्या पोटातली कंपनीची ऑपरेटिंग सिस्टीम पुसून तिनं तिथं दुसरी घालायला घेतली होती. जगभरातल्या कुणाकुणा लोकांनी मिळून लिहिलेली, कुणीही घ्यावी, उघडून बघावी, हवी तशी बदलावी अशी. तिथं चित्रांची भानगडच नव्हती. हुकूम अक्षरांत, उत्तरही अक्षरांत. फक्त घालता घालता वीज गेली, तर डबी मेलीच म्हणायची. भारनियमन सकाळी आटोपलं होतं, तरी विजेचा काय भरवसा!

"फुकट देतेत म्हनं," नवसाबाई दिव्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "कोन लोक हायेत?"

"सगळे कुठं माहीत आहेत! एक जर्मनीतला आहे. मी अडले तेव्हा त्यानं लगेच सगळं समजावून लिहिलं."

"वळखीचा?"

"नाही गं."

सख्खे भाऊबंद या पोरीला बघून न बघितल्यासारखं करत. आपल्यामागं हिचे डोळे कोण होणार, हा घोर नवसाबाईंच्या जिवाला कायमचा लागलेला. आणि कुठला कोण परका माणूस तिकडून हिला वाट सांगतो!

"आता लुकलुकायचा थांबला," त्या म्हणाल्या. "नुसता हिरवागार जळतोय."

अंजलीनं हेडफोनची वायर उपटली, आईलाही ऐकू यावं म्हणून. तिनं काहीतरी टाइप केलं. क्षणभर काहीच नाही. मग संगणकाचा सपाट आवाज बोलू लागला. आधी नुसत्या रेघा आणि टिंबं, मग स्वागत, आणि मग चक्क दारूच्या एका पेयाची कृती. कुणा गमत्यानं ती मुद्दाम तिथं लिहून ठेवली होती. अंजली हसत सुटली. पुढं ती एकेक विचारत गेली. किती वेळ जागी आहेस? तुला कोण कोण जोडलंय? डबी प्रत्येक प्रश्नाला ओळीनं उत्तर देत होती.

"आई, ही माझ्याशी बोलतेय गं!"

"आन् दिवा गेला की!" नवसाबाई ओरडल्या. "मेली वाटतं!"

"नाही मेली. आता लागेल बघ."

दिवा लागला.

"परत जाईल."

गेला. नवसाबाईंनी डबीकडं पाहिलं, मग लेकीकडं. अंजली खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसली होती. हात कीबोर्डवर.

"कोन करतंय हे?"

"मी. त्या जर्मनीवाल्यानं दिव्याचा हुकूमही लिहून दिलाय."

नवसाबाई खाटेवर बसल्या. भाजेल, सांडेल म्हणून या पोरीला त्यांनी देवापुढची समईसुद्धा कधी लावू दिली नव्हती. तिनं काही सांगितलं तरी ते त्या आधी आपल्या डोळ्यांनी तपासायच्या. दूध उतू गेलं नाही ना, कडी लागली ना, सगळं. आता त्यांनी डबीकडं पाठ केली.

"आता मला दिसत नाय," त्या म्हणाल्या. "तू सांग. दिवा चालू हाय का बंद?"

अंजलीनं डबीला विचारलं. उत्तर ऐकलं.

"चालू आहे, आई."

"बरं," नवसाबाई म्हणाल्या, आणि खरं-खोटं बघायला वळल्या नाहीत.