नऊच्या आत पडदा

डेन्मार्कमधल्या ओडेन्स शहराजवळच्या त्या म्हाताऱ्यांच्या वसाहतीत सोळा घरं, एक सामायिक स्वयंपाकघर आणि एक नियम होता: सकाळी नऊच्या आत खिडकीचा पडदा उघडायचा. नाही उघडला, तर समोरच्याने येऊन दार वाजवायचं.

रिगमोरच्या समोर एगिल राहायचा. काल सगळ्यांसमोर जेवताना तो तिला म्हणाला होता, "मीठ बटाट्यांत घालायचं असतं, रिगमोर. तू सगळं बोलण्यातच संपवतेस." म्हणून आज तिने मुद्दामच पडदा उघडला नाही. येऊ दे धापा टाकत, मग बघते.

नऊ वाजले, दहा वाजले. तिने फटीतून पाहिलं, तर एगिलचा पडदा सताड उघडा. म्हणजे स्वारी उठलेली होती. मग येत का नाही? रुसलाय, की आपण मेलो तरी त्याला सोयरसुतक नाही? तिला काही उमगेना.

अकराला दार वाजलं. शेजारची टोव्ह होती.

"बरं नाही का गं तुला?"

"मला काय धाड भरलीय? त्या समोरच्याला विचार. उजाडल्यापासून पडदा उघडून बसलाय, पण चार पावलं टाकवत नाहीत."

टोव्ह त्या खिडकीकडे पाहत राहिली. "एवढ्या उन्हात दिवा कशाला लावलाय त्याने?"

रिगमोरने पाहिलं. एगिलने आज पडदा उघडलाच नव्हता. काल रात्री तो ओढून घ्यायचा राहून गेला होता.